पंप विहिरीच्या मापाचा घ्या: शेतीपंपाची निवड, बसवणं आणि निगा

एका उन्हाळ्यात आमची मोटर दोनदा जळाली. पहिल्या वेळी मी लाइटला दोष दिला, वाइंडिंग (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या) नवं करून आणलं आणि मोटर परत विहिरीत सोडली. महिना भरायच्या आत ती पुन्हा जळाली. उन्हाळ कांदा शेवटच्या दोन पाण्यांवर आला होता, तो तसाच राहिला. दुसऱ्यांदा मोटर घेऊन गेलो तेव्हा मिस्तरींनी ती माझ्यासमोर उघडली आणि विचारलं, "विहिरीला पाणी किती वेळ चालतं?"

"अडीच तासांत तळ दिसतो," मी म्हणालो.

"मग साडेसातची बसवली कुणी सांगून?"

सांगितलं कुणीच नव्हतं. शेजारच्या मळ्यात साडेसात एचपीची बसली, पाणी जोरात पडताना दिसलं, म्हणून आम्हीही पाचची काढून साडेसातची बसवली. आमचं रान सिन्नर तालुक्यात आहे. विहीर वीस फूट व्यासाची, अठ्ठेचाळीस फूट खोल. शेजाऱ्यांची विहीर ओढ्याकाठची, तिचे झरे वेगळे. एवढा साधा फरक लक्षात न घेतल्यामुळे दोन वाइंडिंगचा खर्च झाला आणि हातातलं पीक गेलं. पहिल्यांदाच पंप घेणाऱ्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मोजमापापासून सगळं क्रमाने सांगतो.

सुरुवातीला एवढं जवळ ठेवा: लांब दोरी आणि मीटर टेप, दोनशे लिटरचा ड्रम, घड्याळ, गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी आणि एक वही. पुढे निगा राखायला क्लॅम्प मीटर लागेल. वायरीला नुसता चिमटा लावला की तो अँपिअर दाखवतो. हा मात्र स्वतःचा घ्या.

१. आधी विहिरीचं पाणी मोजा

मोजमाप एप्रिल-मे महिन्यात करा. दिवाळीत विहीर काठोकाठ असते, तेव्हाच्या मापावर घेतलेला पंप उन्हाळ्यात उघडा पडतो.

दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मग असलेल्या मोटरीने किंवा कुणाचं इंजिन मागून आणून पाणी चार-पाच फूट खाली न्या, उपसा बंद करा आणि दर तासाला पातळी किती चढते ते लिहा.

आता हिशोब. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. तुमचा व्यास वेगळा असेल तर व्यासाला व्यासाने गुणा (फुटांत), त्याला ०.७८५ ने गुणा, आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा. एक फूट पाण्याचे लिटर मिळतील.

आमच्या विहिरीत उन्हाळ्यात तीन तासांत दोन फूट पाणी चढलं. म्हणजे तासाला जेमतेम ५,९०० लिटर, चोवीस तासांत साधारण १ लाख ४२ हजार लिटर. हे पाणी आठ तासांच्या लाइटमध्ये काढायचं तर सेकंदाला पाच लिटरच्या पुढे जाऊन उपयोग नाही. पातळी जसजशी वर येते तसे झरे मंदावतात, म्हणून मी चार लिटर धरले.

साडेसातची मोटर सेकंदाला आठएक लिटर ओढत होती. तेव्हा विहिरीत आठ फूट पाणी असायचं. झऱ्यांतून येणारं वजा केलं तरी तासाला अडीच फुटांहून जास्त पाणी उतरायचं, आणि अडीच तासांत मोटर उघडी. पाण्याची पाळी रात्रीची, लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावलेला, आम्ही घरी झोपलेलो. मोटर कोरडी फिरत राहिली. सेकंदाला चार लिटर ओढणारा पंप त्याच विहिरीवर जवळजवळ पूर्ण आठ तास चालतो. दिवसाचं एकूण पाणी झरे ठरवतात. मोठी मोटर तेच पाणी लवकर संपवते, वाढवत नाही.

चार लिटर कमी वाटतात का? आठ तासांत ते १ लाख १५ हजार लिटर होतात. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागतात. म्हणजे रोज एक एकर रान एक इंच भिजतं, आणि ठिबकवर तर त्याहून किती तरी जास्त क्षेत्र निघतं.

बोअर असेल तर बोअर मारणाऱ्याने सांगितलेल्या "दोन इंची पाणी", "अडीच इंची पाणी" यावर पंप घेऊ नका. तो अंदाज कॉम्प्रेसरच्या हवेने उडालेल्या पाण्याचा असतो. भाड्याची मोटर सोडून सलग पाच-सहा तास चालवा आणि धार कुठे स्थिर होते ते ड्रम भरून पाहा. दोनशे लिटरचा ड्रम ५० सेकंदांत भरला तर सेकंदाला चार लिटर.

२. हेड काढा

पंपाला पाणी एकूण किती उंचीवर ढकलायचं आहे ते हेड. दुकानात "हेड किती?" असं विचारलं की बरेच जण विहिरीची खोली सांगतात. तेवढ्याने भागत नाही. आमचा हिशोब असा होता:

- काठापासून उन्हाळ्यातली पाण्याची पातळी: ४० फूट, म्हणजे १२ मीटर
- काठापासून रानाच्या सर्वांत उंच कोपऱ्यापर्यंतचा चढ: ८ मीटर
- ३०० मीटर पाइपलाइनमधलं घर्षण आणि बेंड: ५ मीटर
- ठिबकचा दाब, फिल्टर आणि व्हेंचुरी (ठिबकमधून खत सोडायचं साधन): १८ मीटर

एकूण ४३ मीटर. पाटाने पाणी देणार असाल तर शेवटचे १८ मीटर धरू नका.

चढ डोळ्यांनी ठरवू नका. लेव्हल नळीत पाणी भरून दोघांनी टप्प्याटप्प्याने मोजत जा, अर्ध्या दिवसात काम होतं. आम्हाला जे रान सपाट वाटत होतं ते आठ मीटर चढाचं निघालं.

घर्षण हा खर्च नजरेला दिसत नाही, म्हणून त्यावर थोडा थांबतो. सेकंदाला चार लिटर पाणी ३०० मीटर न्यायचं आहे. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपमध्ये साधारण ११ मीटर हेड नुसतं घासण्यात जातं. ७५ च्या पाइपमध्ये साडेचार, ९० च्या पाइपमध्ये दोनच्या आसपास. ६३ चा पाइप स्वस्त पडतो, पण तो टाकला तर पंप एक माप मोठा घ्यावा लागतो. पाइपलाइन एकदाच गाडायची असते, तिथे हात आखडू नका.

३. एचपी सर्वांत शेवटी

सेकंदाचे लिटर गुणिले हेडचे मीटर, भागिले ७५. उत्तर येईल ते पाण्याला प्रत्यक्ष लागणारे एचपी. आमचे ४ × ४३ ÷ ७५ = २.३. पंप आणि मोटर मिळून निम्म्याच्या आसपास शक्ती वाया जाते, म्हणून दुप्पट धरा: ४.६. म्हणजे पाच एचपी. वडिलांनी बसवलेली पाचची मोटर बरोबरच होती.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून बिल नाही. त्यामुळे "बिल येतच नाही तर मोठीच घेऊ" असं गावोगाव ऐकायला मिळतं. पण वाइंडिंगचे पैसे आपल्याच खिशातून जातात, आणि जास्तीच्या भाराने डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-आठ दिवस सगळ्या शिवाराचं पाणी बंद होतं.

आता पंपावरची पाटी वाचा. तिच्यावर एचपीशिवाय हेडची मर्यादा, ठरावीक हेडला मिळणारं पाणी, कमाल अँपिअर आणि कार्यक्षमता लिहिलेली असते. तुमचं हेड त्या मर्यादेच्या मधोमध पडलं पाहिजे.

इथे एक मोठा सापळा आहे. "जास्त हेडचा घ्या, कमी हेडला तर आणखी जोरात चालेल," असं म्हणणारे भेटतील. आपल्याकडच्या पंपांत उलटं होतं. शंभर मीटर हेडचा पंप चाळीस मीटरवर चालवला तर तो ठरल्यापेक्षा बरंच जास्त पाणी फेकतो, मोटरीवर भार चढतो, अँपिअर पाटीवरच्या आकड्याच्या पुढे जातात आणि वाइंडिंग भाजतं. खोल बोअरमधून काढलेली जुनी मोटर स्वस्तात मिळाली म्हणून विहिरीत सोडली आणि जळाली, असं माझ्या पाहण्यात तीनदा झालं आहे. असा पंप वापरावाच लागला तर व्हॉल्व्ह थोडा दाबून अँपिअर मर्यादेत आणा.

४. मोनोब्लॉक, ओपनवेल की पानबुडी

आमच्या विहिरीवर अजून मोटेचं थारोळं आहे. त्यानंतर आजोबांनी डिझेल इंजिन आणलं, वडिलांनी मोनोब्लॉक. मोनोब्लॉक म्हणजे मोटर आणि पंप एकाच धडात. तो वरच्या वर असतो, दुरुस्तीला सोपा, पण तो पाणी खालून फार ओढू शकत नाही. हवेचा दाब पाणी पाइपात चढवतो आणि त्याला मर्यादा आहे: पुस्तकात दहा मीटर, व्यवहारात सहा ते सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. आपल्या पठारावर हवेचा दाब थोडा कमी, म्हणून मी वीस फुटांच्या पुढे जाऊ नका म्हणेन. पाणी त्याखाली गेलं की मोनोब्लॉक टप्प्यावर, म्हणजे विहिरीच्या आतल्या पायरीवर, उतरवावा लागतो. वडील दर मार्चला ते करायचे. दोर, चार माणसं आणि खाली ओला निसरडा कातळ. नदी, कालवा किंवा शेततळ्यावर मात्र मोनोब्लॉकच घ्या, तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही.

पाणी वीस फुटांच्या खाली जाणारी विहीर असेल तर ओपनवेल, म्हणजे आडवी पाण्यात राहणारी मोटर. तिला फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह, लागत नाही, पाणी भरून चालू करावं लागत नाही. ती पूर्ण बुडालेली हवी आणि गाळात टेकलेली नको. आम्ही तळापासून दीड फूट उंचीचा लोखंडी घोडा करून त्यावर ठेवली आहे.

बोअरला उभी पानबुडी (सबमर्सिबल) मोटर. तिचा व्यास केसिंगमध्ये (बोअरच्या पाइपात) मोकळा बसतो का पाहा आणि तळापासून दहा-पंधरा फूट वर ठेवा, नाही तर वाळू ओढते. तीच पानबुडी रुंद विहिरीत सोडायची असेल तर मोटरीभोवती पाइपचं कवच बसवून घ्या. बोअरमध्ये पाणी मोटरीला घासून वर जातं म्हणून ती थंड राहते. विहिरीत तसं होत नाही. पाण्याने भरायची मोटर असेल तर सोडण्यापूर्वी स्वच्छ पाणी पूर्ण भरून बूच घट्ट करा. ही गोष्ट घाईत हमखास राहते.

डिझेल किंवा पेट्रोल इंजिन विहिरीच्या आत, टप्प्यावर ठेवून कधीही चालवू नका. त्याचा धूर विहिरीत साचतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि खाली उतरलेला माणूस बसल्या जागी जातो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. इंजिन काठावर, माणूस काठावर.

५. सौरपंप आणि अनुदान: कागदपत्रं

वीजजोडणी नसेल आणि पाण्याचा कायमचा स्रोत असेल तर "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत अर्ज करा. खुल्या गटाने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, अडीच ते पाच एकरांना पाच एचपी, त्यापुढे साडेसात. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. पात्रतेपेक्षा लहान पंपही मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुमच्या विहिरीचा हिशोब तीन एचपीचा असेल तर तीनचाच मागा. सर्वेक्षणाला माणूस येईल तेव्हा स्वतः हजर राहा आणि उन्हाळ्यातली पातळी, चढ, पाइपची लांबी वहीतून वाचून दाखवा. हेड तिथेच ठरतं.

सौरपंपाचं पाणी सकाळी कमी, दुपारी भरपूर, ढगात पुन्हा कमी. पाटाने भरणाऱ्याला त्याचा त्रास होतो, कारण वाफ्यात पोचेपर्यंत धार बारीक होते. सोबत शेततळं किंवा टाकी असेल तर उत्तम.

कागदपत्रं अशी तयार ठेवा:

- विहीर किंवा बोअरची नोंद असलेला सातबारा, आणि आठ-अ
- आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक
- फार्मर आयडी
- सामाईक गट किंवा विहीर असल्यास इतर खातेदारांचं ना हरकत पत्र
- लागू असल्यास जातीचा दाखला
- विजेच्या पंपासाठी ग्राहक क्रमांक असलेलं बिल

बहुतेकांचं काम पहिल्याच ओळीला अडतं. विहीर वीस वर्षांपूर्वी खोदलेली असते आणि सातबाऱ्यावर तिची नोंदच नसते. पंपाचा विचार मनात आला की त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन ती नोंद करून घ्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून पंपसंच किंवा ठिबकचं अनुदान घेणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.

दुकानातून पक्कं बिल घ्या, त्यावर मोटरीचा अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का-तारीख तिथेच मारून घ्या. आयएसआयचा शिक्का आणि वीजबचत दाखवणारे बीईईचे तारे पाहा. बाकी मॉडेलांच्या गप्पांपेक्षा तुमच्या तालुक्यात त्या पंपाचे सुटे भाग आणि तो उघडणारा मिस्तरी आहे का, याला मी जास्त महत्त्व देतो.

६. बसवताना

मोनोब्लॉकचा सक्शन पाइप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा धरते आणि पंप पाणी ओढायचं सोडतो. फुटबॉल तळापासून दोन फूट तरी वर ठेवा.

स्टार्टरपासून मोटरीपर्यंतची केबल मापाची घ्या. पाच एचपीला आठएक अँपिअर लागतात. २०० मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर १७-१८ व्होल्ट केबलमध्येच पडतात. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर अकरा. आपल्याकडे मुळात व्होल्टेज कमी, त्यात हे आणखी. विहिरीत जोड देणार असाल तर तो पाण्याच्या वर येईल असा द्या. पानबुडी केबलवर कधी लोंबकळू देऊ नका, तिला वेगळा दोर हवा.

पेटीत चार वस्तू लागतात: पाटीवरच्या अँपिअरला लावलेला ओव्हरलोड रिले, एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर, पाणी संपलं की बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर आणि व्होल्टेज सावरायला मदत करणारा कॅपॅसिटर. पाच एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर पुरतो, साडेसातला ३ चा. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून रिलेचा काटा पुढे सरकवणारे मी पाहिले आहेत. रिले तुम्हाला दुखणं सांगत असतो, त्याचं तोंड बांधू नका.

ऑटो स्विच मी काढून टाकला. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट अँपिअर घेते, आणि तो सगळा झटका डीपीवर बसतो. महावितरण ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवायला सांगते ते याचसाठी. रात्रीच्या पाळीला उठून जाणं जिवावर येतं हे मलाही ठाऊक आहे. बिबट्याच्या भागात तर तो खरोखर जिवाचा प्रश्न आहे. तिथे निदान टायमर लावून आपली मोटर पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू होईल असं करा, आणि ड्राय रन प्रिव्हेंटर असल्याशिवाय मोटर एकटी सोडू नका.

अर्थिंग करा. खड्डा, पट्टी, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी. मोटर चालू असताना विहिरीत पोहायला कुणाला उतरू देऊ नका, पोरांना तर अजिबात नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर पाणी कमी वाटलं तर आधी दिशा तपासा. उलटी फिरणारी मोटरही थोडं पाणी देते, म्हणून माणूस फसतो. स्टार्टरमधल्या कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा, पाणी दुप्पट पडलं तर तीच बरोबर दिशा. डीपी बदलली किंवा लाइनचं काम झालं की हे पुन्हा तपासायचं.

७. निगा

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. चालू करण्याआधी तिन्ही फेजचं व्होल्टेज पाहा. ३५० च्या खाली असेल तर थांबा. चालू केल्यावर अँपिअर पाहा आणि आवाज ऐका.

महिन्यातून एकदा तिन्ही वायरींचे अँपिअर क्लॅम्प मीटरने मोजून वहीत लिहा. आमच्या मोटरीचे ७.६, ७.८, ७.७ असे असतात. एकदा ७.१, ९.२, ७.९ आले. मोटर नीट चालत होती, पाणी पडत होतं, कुणाला काही कळलं नसतं. पेटी उघडली तर एका कॉन्टॅक्टवर काळा डाग आणि वायरीचं प्लास्टिक वितळून मऊ झालेलं. स्क्रू सैल होता. दहा मिनिटांचं काम.

अँपिअर वाढले तर बेअरिंग, गाळ किंवा कमी व्होल्टेज. अँपिअर कमी झाले आणि पाणीही कमी झालं तर पातळी खाली गेली, जाळी तुंबली किंवा इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजला. पाणी कमी पण अँपिअर तेवढेच असतील तर वर कुठे तरी पाइप फुटला आहे.

मोनोब्लॉकच्या ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या दोरीच्या पॅकिंगमधून) पाणी थेंब थेंब गळलंच पाहिजे, त्याच पाण्याने शाफ्ट थंड राहतो. गळती दिसते म्हणून नट आवळत गेलात तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. धार लागली तर मात्र दोरी बदला. ग्रीस बेताने भरा, ठासून भरलेल्या बेअरिंगलाही उष्णता होते.

पंप पाणी ओढायचं सोडू लागला की आपल्याकडे शेणकाला ओतायची रीत आहे. शेणाचे तंतू फुटबॉलच्या वॉशरमध्ये बसतात आणि दिवस निघतो. पण दुसऱ्या दिवशी फुटबॉल वर काढून वॉशर बदलाच, तोच काला पुढे फिल्टरमध्ये आणि ठिबकच्या छिद्रांत जातो.

पावसाळ्यात मोटर दोन-दोन महिने बंद राहते. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं चालवा, नाही तर इम्पेलर जाम होतो. पेटीत पाली, मुंग्या, गांधीलमाशा घर करतात, कधी सापही असतो. मेन स्विच पाडूनच दार उघडा. नदीकाठचा मोनोब्लॉक जूनच्या आत वर घ्या.

सौरपंपाच्या पॅनलवरची धूळ आठवड्याला भल्या सकाळी साध्या पाण्याने आणि फडक्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

८. मोटर जळालीच तर

मोटर वाइंडिंगला टाकून निघून येऊ नका. ती उघडताना समोर थांबा आणि गुंडाळ्या स्वतः पाहा.

काही गुंडाळ्या कोळशासारख्या काळ्या आणि मधल्या काही कोऱ्या, तांबूस असतील तर एक फेज जाऊन मोटर दोनवर चालत राहिली. प्रिव्हेंटर नाही किंवा बिघडला आहे. सगळ्याच गुंडाळ्या सारख्या काळवंडल्या असतील तर भार जास्त, व्होल्टेज कमी किंवा मोटर जाम. बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) झिजून निळसर झाले असतील, रबर भाजलेलं असेल तर ती कोरडी फिरली. आमची दुसऱ्यांदा उघडली तेव्हा तेच दिसलं होतं. एकाच ठिकाणी भोक पडल्यासारखा डाग असेल तर पाणी किंवा आकाशातली वीज तिथून शिरली.

कारण सापडल्याशिवाय मोटर परत विहिरीत सोडू नका. वाइंडिंगची तार शुद्ध तांब्याची, जुन्याच गेजची आणि तेवढ्याच वेढ्यांची हवी. जुनी तार वजन करून घ्या आणि नवीन किती बसली ते बिलावर लिहून मागा. बारीक तार घातलेली मोटर पहिले आठ दिवस छान चालते.

मोटर परत विहिरीत उतरवल्यावर पहिल्याच दिवशी तिन्ही फेजचे अँपिअर, व्होल्टेज, पाण्याची पातळी आणि ड्रम भरायला लागलेले सेकंद वहीत लिहा. आठ दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. एका फेजमध्येही अर्ध्या अँपिअरहून जास्त फरक आला तर वॉरंटीची मुदत असेपर्यंत मिस्तरींना मळ्यावर बोलवा, आणि ते आले की आधी ती वही त्यांच्या हातात द्या.